पियानोपाशी दिवा कोठे ठेवावा?

गावात ज्याच्या घरी उंच शिडी असते, त्यास आंब्याच्या दिवसांत स्वस्थता म्हणून नसते. आमच्या घरी शिडी नाही; कॅमेरा आहे. त्यामुळे बाप्तिस्म्यापासून लग्नाच्या रौप्यमहोत्सवापर्यंत सर्व प्रकारची बोलावणी आम्हांस येतात आणि आम्हीही फारसे आढेवेढे न घेता ती पत्करतो. मागल्या हिवाळ्यात जे बोलावणे आले, त्याने मात्र आमची बरीच घमेंड उतरविली. ती हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे वाटते. कारण आता घरोघरी खिशात कॅमेरा आला असून, मुलाबाळांचे वाद्यवादन टिपून ठेवण्याची हौस कोणास नाही?

बोलावणे खानापूरच्या बाजूच्या एका गावाहून होते. घरात शहाऐंशी वर्षांचे आजोबा. मूळचे गोव्याचे, विशीच्या आतच मुंबईस गेले, आणि पुढे तीस-बत्तीस वर्षे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत पियानो वाजवून, यंत्रांचे सूर आल्यावर येथे परतले. त्यांच्या नातीने आम्हांस लिहिले होते, की आजोबांच्या उजव्या हाताची दोन बोटे आता आखडू लागली आहेत, सकाळी चहानंतर वीस-पंचवीस मिनिटे ती बरी चालतात, पुढे चालत नाहीत. तेव्हा ती अगदीच थांबण्यापूर्वी आजोबांना वाजविताना टिपून ठेवावयाचे आहे. पत्राच्या शेवटी एक ओळ होती: "आजोबांचा पियानो साऱ्या देशाने ऐकला आहे, पण त्यांना वाजविताना घराबाहेरच्या कोणीही पाहिलेले नाही."

ही ओळ वाचून आम्ही अंमळ थबकलो. कारण ती खरी होती. 1949 सालचा मेहबूब खान यांचा 'अंदाज' ज्यांनी पाहिला असेल त्यांना पियानोशी बसून गाणारा दिलीपकुमार आठवेल. गळा मुकेश यांचा, संगीत नौशाद यांचे, आणि पियानोवरची बोटे आणखी कोणाची तरी. त्यानंतर किती नायक आपल्या चित्रपटांत पियानोपाशी बसले, त्यांची गणती नाही. मुंबईच्या त्या वाद्यवृंदांत गोव्याहून गेलेल्या वादकांचा भरणा मोठा होता. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे नाव 1977 सालच्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटामुळे लहान पोराच्याही तोंडी झाले, कारण संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. परंतु नाव ज्यांना पाठ आहे त्यांतल्या कितीजणांनी त्या व्हायोलिनवादकाचा चेहरा पाहिला असेल? शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना करणारे सेबॅस्टियन डिसोझा यांचीही तीच कथा. आवाज एकाचा आणि हात दुसऱ्याचे, हा त्या धंद्याचा रिवाजच होता, आणि त्यात कोणी कोणास फसवीत होते असेही नाही. तरी पण वाजविणारे हात आयुष्यभर पडद्याआड राहिले, हे काही खोटे नव्हे.

असो. आम्ही गेलो. सोबत लग्नाच्या व्हिडिओत वापरतात तसले दोन प्रखर दिवे, दोन स्टँड आणि भरपूर आत्मविश्वास घेतला होता.

पियानो उभ्या घडणीचा, म्हणजे भिंतीला टेकवून ठेवावयाचा होता. काळा, झिलईदार, पट्ट्यांवरचे हस्तिदंत पिकून लोण्याच्या रंगाचे झालेले. आम्ही एक दिवा उजवीकडून व दुसरा डावीकडून लावला, जसे नवरा-नवरीच्या खुर्च्यांपुढे लावतात तसे, आणि कॅमेरा आजोबांच्या पाठीमागे उभा केला. त्यांनी शूमान या जर्मन संगीतकाराची 'ट्रॉयमराय' ही छोटी स्वप्नाळू रचना सुरू केली. तीन मिनिटांच्या आतच त्यांनी हात उचलले, पट्ट्यांवरचे झाकण हळूच मिटले, आणि म्हणाले, "मी दिव्यांकडे बघत नाही हो, पण हे दिवे माझ्याकडे बघतात."

घरी येऊन टिपलेले पाहिले, तो शरमच वाटली. पियानोच्या झिलईत दोन्ही दिवे दोन सूर्यांसारखे जळत होते, आणि त्यांच्या मधोमध स्टँडला हात लावून उभे असलेले आम्ही स्वतः! आजोबांच्या डोक्याची दुहेरी सावली पट्ट्यांवर नाचत होती. पांढऱ्या पट्ट्या जळून नुसता चुना झाल्या होत्या, आणि ज्या बोटांसाठी एवढा खटाटोप, ती बोटे त्या चुन्यापुढे काळ्या काड्यांसारखी दिसत होती. त्यावर कहर म्हणजे साऱ्या चित्रात एक बारीक थरथर. आणि हात? हात पाठीआडच होते.

तेव्हा आम्ही ठरविले की आता दुसऱ्याने हे काम कसे केले ते आधी पाहावे.

पियानोवादकांच्या चित्रणात जाणते लोक ज्यांचे नाव आदराने घेतात, त्यांत कॅनडाचे ग्लेन गूल्ड हे एक. 1964 सालानंतर त्यांनी जाहीर मैफलींस रामराम ठोकला आणि ध्वनिमुद्रण व चित्रण यांनाच आपले व्यासपीठ केले. 1981 साली ब्रूनो मॉन्सेंजाँ या फ्रेंच दिग्दर्शकाने बाख यांच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'चे त्यांचे वादन टिपले. जागा न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरची, पूर्वी चर्च असलेली व पुढे ध्वनिमुद्रणगृह झालेली एक उंच छताची इमारत. गूल्ड आपल्या वडिलांनी बेतून दिलेल्या, जमिनीपासून जेमतेम चौदा इंच उंचीच्या खुर्चीवर बसत. लोक या खुर्चीस विक्षिप्तपणा म्हणतात. पण कॅमेऱ्याच्या दृष्टीने ती केवढी सोय आहे! मनुष्य इतका खाली बसला की त्याचे तोंड पट्ट्यांच्या अगदी जवळ येते, आणि एकाच चौकटीत बोटे व चेहरा दोन्ही मावतात. सरळ पाठीने बसणाऱ्या वादकाच्या बाबतीत कॅमेऱ्यास दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते, आणि ती कोणत्या स्वरावर करावयाची हाच सारा प्रश्न असतो.

दुसरे चित्रण व्लादिमीर होरोविट्झ यांचे. 1925 साली रशिया सोडलेला हा वादक एकसष्ट वर्षांनी, 20 एप्रिल 1986 रोजी, मॉस्कोच्या संगीतशाळेच्या मोठ्या सभागृहात वाजवावयास बसला. वय ब्याऐंशी. बोटे वाकविलेली नव्हेत, जवळजवळ सपाट. करंगळी मात्र आत मुडपलेली, आणि स्वर आला की झटक्याने उलगडणारी. शिक्षक मुलांना शिकवितात त्याच्या नेमके उलट! हे कानांना कळत नाही, डोळ्यांनाच कळते. त्या मैफलीतही शेवटी त्यांनी 'ट्रॉयमराय' वाजविली, आणि त्या वेळी कॅमेरा वादकाला सोडून श्रोत्यांत गेला. एका प्रौढ गृहस्थाच्या गालावरून अश्रू ओघळतो आहे, ते पुसण्याचेही त्याला भान नाही. ज्याने तो क्षण टिपला त्यास आम्ही मनोमन नमस्कार केला.

श्रोत्याचा चेहरा हासुद्धा वादनाचाच भाग आहे, हे इंगमार बर्गमन यांच्या 1978 सालच्या 'ऑटम सोनाटा' या चित्रपटात आणखी स्पष्ट होते. मुलगी शोपँची एक लहानशी रचना वाजविते, मग नामांकित पियानोवादक असलेली आई तीच रचना वाजवून दाखविते. या वेळी छायालेखक स्वेन न्यूक्विस्ट कॅमेरा हातांवर नेत नाही, तर दोघींच्या चेहऱ्यांवर थांबतो. मुलगी आईकडे पाहते, आणि आयुष्यभराचे सारे न बोललेले त्या पाहण्यात येते. वादन प्रत्यक्षात कॅबी लारेतेई या पियानोवादिकेचे. पण नट्यांना उगाच बोटे नाचवावयास लावलेली नाहीत, म्हणून त्यात खोटेपणा वाटत नाही.

आणि रशियाचे स्व्यातोस्लाव्ह रिख्टर! हे तर उतारवयात सभागृहातील सारे दिवे मालवून, स्वरलेखनाच्या कागदावर पडेल एवढाच एक लहानसा दिवा ठेवून वाजवीत. लोकांनी तोंडाकडे न पाहता संगीत ऐकावे, हा त्यामागील हेतू. दुसऱ्या खेपेस ही गोष्ट आम्ही आजोबांस सांगितली, तर ते खळखळून हसले. "अहो, आमच्या गावात लाइट जाते तेव्हा मी रोजच तसा वाजवतो!"

आता योजनेकडे वळू. ती ज्यांस उपयोगी पडेल त्यांनी पडू द्यावी.

पहिला धडा झिलईचा. कॅरमची सोंगटी फळीवर ज्या कोनाने आपटते त्याच कोनाने परतते, प्रकाशाचेही तसेच. म्हणून दिवा लावण्याआधी कॅमेऱ्याच्या जागी डोळा लावून पाहावे की या काळ्या आरशात कोठला कोपरा दिसतो आहे. त्या कोपऱ्यात दिवा नको, माणूस नको, खुंटीवरचा पांढरा टॉवेलही नको. तेथे काळे कापड टांगावे. मोठ्या कामांत भिंगावर पोलरायझर नावाची काच चढवितात. लाकडाच्या रोगणावरून तिरकस, म्हणजे सुमारे छप्पन अंशांच्या कोनाने येणारी चकाकी ती जवळजवळ पुसून टाकते; परंतु पियानोच्या पोटातील तारांवरची व धातूच्या चौकटीवरची चमक तिला आवरत नाही, आणि निम्म्याहून अधिक प्रकाश ती स्वतःच गिळते. आम्हांस तिची गरजच पडली नाही. आजोबांनी आमची अडचण ऐकली, पियानोच्या कपाळावरची दोन आतली खिट्टी फिरविली, आणि वरची फळी अलगद काढून बाजूस ठेवली. आरसा गेला आणि त्याच्या जागी हातोड्यांची रांग उघडी पडली! बोटाने पट्टी दाबली की आत लोकरी डोक्याची हातोडी उसळते, तारेला शिवते, मागे येते. आमच्या चित्रातील सर्वांत देखणी गोष्ट हीच ठरली. मात्र फळी काढल्यावर आवाज अधिक मोठा व काहीसा उघडा येतो. त्यामुळे ध्वनिमुद्रणाचे यंत्र चार फूट आणखी मागे न्यावे लागले.

दुसरा धडा अंतराचा, आणि तो शाळेतल्या गणिताचा आहे. दिवा दुप्पट दूर नेला की प्रकाश निम्मा होत नाही, चौथाई होतो. पियानोच्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांची रांग सुमारे चार फूट लांब असते. दिवा डाव्या टोकापासून दोन फुटांवर ठेवला तर उजवे टोक त्यापासून सहा फुटांवर पडते. म्हणजे तिप्पट अंतर, आणि प्रकाश एकनवमांश! डावा हात उन्हात व उजवा हात अंधारात. तोच दिवा आठ फुटांवर नेला तर दुसरे टोक बारा फुटांवर येते, आणि तेथे निम्म्याहून थोडाच कमी प्रकाश पोचतो. एवढा फरक डोळ्यास गोड वाटतो, कारण त्याने खोली येते. पण दूर नेलेला लहान दिवा कडक सावली पाडतो. मऊ प्रकाशासाठी उगम मोठा हवा. दूर आणि मोठा असा दिवा कोणाच्या घरी असतो? प्रत्येकाच्या असतो. त्यास खिडकी म्हणतात.

आजोबांच्या दिवाणखान्यास उत्तरेची एक उंच खिडकी होती. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे त्या खिडकीतून ऊन असे येत नाही, नुसता उजेड येतो. घरातील चार माणसांच्या मदतीने आम्ही पियानो भिंतीपासून ओढला आणि असा फिरविला की खिडकी आजोबांच्या डाव्या हाताला, किंचित पुढे यावी. तावदानांवर आतून बटर पेपर चिकटविला. उजेड आता पट्ट्यांवरून आडवा सरकू लागला. प्रत्येक काळ्या पट्टीच्या कडेला एक बारीक सावली, प्रत्येक बोटाला गोलाई, आणि हाताच्या पाठीवरच्या शिरासुद्धा दिसू लागल्या. उजव्या बाजूस, चौकटीबाहेर, एक थर्माकोलचा तुकडा उभा केला. त्याने परतविलेला उजेड बोटांच्या सावलीतल्या अंगावर पडला. पट्ट्या पांढऱ्या, पियानो काळा आणि आपले हात गव्हाळ-सावळे. या तिघांना एका चित्रात नांदवावयाचे तर पट्ट्या जळणार नाहीत इतकाच उजेड कॅमेऱ्यात घ्यावा, आणि हात उजळण्यासाठी थर्माकोल जवळ आणावा. कॅमेऱ्याच्या यंत्रास हे ठरवू देऊ नये. ते पट्ट्या पाहून घाबरते आणि हात अंधारात ढकलते. मोबाइल फोन असेल तर पडद्यावर हातांच्या जागी बोट काही क्षण दाबून धरावे, म्हणजे उजेड व नजर दोन्ही तेथे स्थिर होतात. तसे न केल्यास वादक पुढे झुकला की चित्र उजळते व मागे झाला की मंदावते. पाहणाऱ्याला वाटते, ढग येत-जात आहेत.

पहिल्या खेपेस जी थरथर दिसली तिचे कारण विजेत होते. आपल्याकडील वीज सेकंदाला पन्नास फेरे घेते आणि पुष्कळसे दिवे तिच्यासंगती सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. आपल्या डोळ्यास ते कळत नाही, कॅमेऱ्यास कळते. सेकंदाला पंचवीस चित्रे आणि प्रत्येक चित्रास पन्नासांश सेकंद, हे प्रमाण धरले की थरथर बहुधा जाते. खिडकीला अर्थात ही व्याधी नाही.

पोशाखावरून मात्र घरात थोडा वाद झाला. आजोबांना ध्वनिमुद्रणाला जात तसा पांढराशुभ्र सदरा घालावयाचा होता. पांढरा सदरा सर्वांत आधी डोळ्यात भरतो, आणि काळा कोट काळ्या पियानोत बुडून जातो. आम्हांस मधला रंग हवा होता. शेवटी नातीने तोड काढली. थंडीचे निमित्त करून तिने सदऱ्यावर तपकिरी बिनबाह्यांचा स्वेटर चढविला. बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. पंखा बंद, कुत्रे शेजारी. कोंबड्याचे काही करता आले नाही.

कॅमेरे दोन होते. एक आमचा, तो उंच पट्ट्यांच्या टोकाशी, पियानोच्या बाजूने किंचित पुढे, म्हणजे आजोबांचा चेहरा तिरकस दिसेल व खिडकीचा उजेड त्यांच्या पलीकडच्या गालावर पडेल असा. उजेड पलीकडच्या अंगाने आला म्हणजे चेहऱ्याची घडण दिसते. कॅमेऱ्याच्या पाठीमागून आला तर चेहरा चपाट्यासारखा होतो. दुसरा कॅमेरा म्हणजे नातीचा फोन, तो उजव्या खांद्यामागे, स्टुलावर स्टूल ठेवून उंचावर, पट्ट्यांकडे पाहणारा. फोन हातांच्या फार जवळ नेऊ नये; त्याचे रुंद भिंग जवळचा हात भोपळ्याएवढा करते आणि दूरचा सुपारीएवढा. भिंगाचे छिद्रही अगदी उघडे ठेवू नये, नाहीतर अंगठा स्पष्ट आणि करंगळी धुक्यात असा प्रकार होतो.

दोन्ही कॅमेरे आजोबांच्या उजव्याच अंगाला का, असे कोणी विचारील. वादकापासून पियानोपर्यंत एक रेघ कल्पावी. एक कॅमेरा रेघेच्या या बाजूस आणि दुसरा त्या बाजूस ठेवला, तर एका चित्रात वादक उजवीकडे तोंड करून बसलेला दिसतो आणि पुढच्याच चित्रात डावीकडे. मध्येच उठून पियानोच्या दुसऱ्या बाजूस जाऊन बसला की काय, असा भास होतो. म्हणून सारे कॅमेरे एकाच बाजूस. या नियमाने आम्हांस पुढे अडचणीत आणले, ते सांगूच.

चित्रे कोठे बदलावयाची हे आम्ही आदल्या रात्री ठरविले. स्वरलेखनाच्या प्रतीवर नातीने पेन्सिलीने खुणा केल्या: येथे चेहरा, येथे हात, येथे काहीही बदलावयाचे नाही. वाक्य संपते तेथे चित्र बदलावे, वाक्याच्या मध्ये नव्हे. हल्ली दर ठोक्याला चित्र बदलण्याची जी चाल पडली आहे ती आम्हांस मानवत नाही. मनुष्य बोलत असता दर दोन शब्दांनी त्याची मान फिरवावी, तसे ते वाटते. गोव्याच्या मांडोची एक चाल आजोबा वाजविणार होते. ती तर आम्ही एकाच कॅमेऱ्यावर अथपासून इतिपर्यंत घ्यावयाची ठरविली. ज्यांची मुले पियानोच्या परीक्षा देतात त्यांना हे ठाऊक असेलच की, लंडनच्या ए.बी.आर.एस.एम. या संस्थेने 2020 पासून चित्रफीत पाठवून द्यावयाची जी परीक्षा सुरू केली, तीत सारे वादन एकसलग, मध्ये न तोडता टिपलेले लागते. त्या मुलांच्या आईबापांनी कॅमेरे बदलण्याच्या भानगडीत न पडता, एकच कॅमेरा उजव्या अंगाला स्थिर ठेवावा आणि उजेडाकडे लक्ष द्यावे.

सकाळी नऊला चहा झाला. नातीने चौकटीत उभे राहून एकदा टाळी वाजविली, म्हणजे दोन कॅमेरे व ध्वनियंत्र यांची सांगड पुढे त्या टाळीवरून घालता यावी. मांडो उत्तम झाला. मग चित्रपटातील गाण्याच्या आरंभीचा एक तुकडा, जो त्यांनी तरुणपणी स्वतः बसविला होता. कोणते गाणे ते सांगू नका, असे त्यांनीच बजावले आहे. त्या वेळी आम्ही फक्त हात घेतले. स्वयंपाकघरातून सून बाहेर आली आणि दारातच थांबली; तिने ते गाणे लहानपणापासून ऐकलेले, पण हा तुकडा आपल्या सासऱ्यांचा हे तिला त्या दिवशी कळले. मॉस्कोचा तो श्रोता आठवून आमचा हात कॅमेऱ्याकडे गेला खरा. पण तोवर ती आत निघून गेली होती.

'ट्रॉयमराय' मात्र दोनदा वाजवावी लागली. पहिल्या वेळी सूर निर्मळ आले, पण फोनच्या पोटातली जागा भरून तो मध्येच थांबला. दुसऱ्या वेळी दोन्ही कॅमेरे नीट चालले, आणि शेवटाकडच्या चढणीवर आजोबांचे आखडलेले बोट घसरून शेजारच्या पट्टीवर पडले. वीस मिनिटे होऊन गेली होती. तिसऱ्यांदा वाजविणे शक्य नव्हते.

नात हळूच म्हणाली, "आजोबा, पहिल्या वेळचा आवाज आणि दुसऱ्या वेळचं चित्र जोडता येईल. कोणाला कळणार नाही."

आम्हीही मनातून तेच योजीत होतो. युक्ती म्हणून ती अशक्य नव्हती. जातिवंत वादक तीच रचना दोनदा एका गतीने वाजवीत नाही, कोठे श्वासभर थांबतो, कोठे पुढे सरतो. तरी तो तुकडा लहान होता, आणि हात दाखवावयाचे सोडून तेवढ्यापुरता चेहरा दाखविला असता तर निभावले असते.

आजोबा रुमालाने बोटे पुसत होते. म्हणाले, "जन्मभर दुसऱ्याच्या हातांखाली माझा आवाज घातला. आता माझ्या हातांखाली दुसरा आवाज नको. मग तो माझाच असला तरी नको." आणि थोड्या वेळाने, "ते बोट घसरलं ते शहाऐंशी वर्षांचं आहे. त्यालाही दिसू दे."

त्यावर आम्ही काय बोलणार? घसरलेले बोट चित्रात आहे. उत्तरेच्या उजेडात ते चांगले स्पष्ट दिसते.

आठवड्याने जोडलेली चित्रफीत घेऊन आम्ही पुन्हा गेलो. घरातली, शेजारची, सारी मंडळी जमली होती. आजोबा मात्र खुर्ची पुढे ओढून परीक्षकासारखे बसले. स्वतःच्या चेहऱ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. हातोड्या दिसल्या तेव्हा खूष झाले. फीत संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजविल्या, आणि मग त्यांनी दोन आक्षेप घेतले. पहिला असा की, मधल्या सप्तकातले दोन स्वर उतरलेले आहेत. पावसाळ्यात पियानोची लाकडी फळी ओल पिऊन फुगते व तारा चढतात, हिवाळ्यात ती सुकते व तारा उतरतात. टिपण्याच्या घाईत हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते, त्यांच्या आले होते. दुसरा आक्षेप आमच्यावर होता.

"डावा हात कुठं आहे?"

आम्ही पाहिले. चेहऱ्याच्या कॅमेऱ्यातून उजवा हात डाव्याला झाकत होता, कारण तो उजव्या अंगाला होता. वरून दोन्ही हात दिसत होते खरे, पण दुरून. 'ट्रॉयमराय'मध्ये डाव्या हाताला लांब पल्ले घ्यावे लागतात, आणि आजोबांचा डावा हात अजून धड होता. गाण्याला पुढे नेणारा तो हात. आमच्या रेघेच्या नियमापायी नेमका तोच हरवला होता. "वाद्यवृंदात माझ्या उजव्या हाताला व्हायोलिनवाले झाकायचे," ते म्हणाले. "डावा तरी माझा होता."

तेव्हा आता असे ठरले आहे की ट्यूनर येऊन सूर लावून गेला की पुन्हा एकदा बसावयाचे. या खेपेस कॅमेरा एकच, आणि तो खालच्या पट्ट्यांच्या टोकाशी, डाव्या अंगाला. कॅमेरा एकच असला की रेघेच्या नियमाची अडचण उरत नाही. खिडकी त्यामुळे कॅमेऱ्याच्याच बाजूस येईल व उजेड सपाट पडेल. म्हणून तिचा अलीकडचा अर्धा भाग काळ्या कापडाने झाकावा आणि थर्माकोल अजिबात काढून टाकावा, असा आमचा विचार आहे. ट्यूनर गोव्याहून येतो, आणि नाताळ व नव्या वर्षाच्या गर्दीतून त्यास जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापूर्वी सवड नाही. आजोबा रोज सकाळी चहानंतर डाव्या हाताचा सराव करीत आहेत, असे नातीचे पत्र आहे. तावदानांवरचा बटर पेपर कोणी काढलेला नाही.